जावईबापूंची वासरं

आप्पांच्या वळूला सगळं खोरं जावईबापू म्हणायचं. त्याला खाणं वेळेवर लागे, पाणी ताजं लागे, आणि उन्हात बांधलं तर तो दिवसभर रुसून उभा राही. घरातल्या माणसांपेक्षा त्याचीच बडदास्त जास्त. डोंगरी गुरांचा इतका चोख वळू दुसरा नाही, असं आप्पा म्हणत, आणि लोकही ते मानत. लांबलांबच्या वस्त्यांवरून माणसं गायी घेऊन येत. आप्पा गाय मागच्या कुंपणात नेत, मालकाला अंगणात बसवून चहा पाजत. जाताना तो मालक असा काही खुशीत निघे, की जणू त्याच्या गोठ्यात सोन्याचं वासरू येणार आहे.

आप्पांना दोन मुली. धाकटी लग्न होऊन लांब गेली. थोरली शिकली आणि शहरातल्या पशुसंशोधन संस्थेत लागली. घरात तिला थोरलीच म्हणत, आणि आप्पा चारचौघांत तिची ओळख करून देताना 'माझी थोरली' हे दोन शब्द जरा जास्तच मोठ्याने उच्चारत.

थोरलीचं काम समजायला अवघड नव्हतं. जनावराच्या पेशींत जी वंशाची साखळी असते, तिच्यात काही ठिकाणी तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. कुणाच्यात कमी वेळा, कुणाच्यात जास्त. प्रत्येक ठिकाणी वासराला एक आकडा आईकडून मिळतो, एक बापाकडून. अशा ठिकाणांना मार्कर म्हणतात. बाहेरच्या जातींसाठी असे मार्कर केव्हाच तयार झाले होते, पण डोंगरी गुरांवर ते नीट चालत नव्हते. थोरलीने कित्येक महिने खपून खास डोंगरी गुरांसाठी नवा संच तयार केला होता. या गुरांमध्ये अजून किती विविधता उरली आहे, कुठे जवळच्या नात्यात पैदास होते आहे, कोणती गाय कोणत्या वळूकडे न्यावी, हे सगळं त्यावरून सांगता येणार होतं.

पण त्याआधी संच खरा उतरतो की नाही ते पाहायला हवं होतं. त्यासाठी आईबाप पक्के माहीत असलेली वासरं हवीत. विभागप्रमुखांनी विचारलं, अशी कुटुंबं कुठे मिळतील? थोरलीने क्षणाचाही विचार न करता आप्पांचं नाव घेतलं.

आप्पांना तर आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी वस्तीवस्तीवर फोन केले आणि स्वतः तिच्याबरोबर फिरले. गायीच्या शेपटीचे केस मुळासकट उपटायचे आणि पाकिटात घालायचे, एवढंच काम होतं. जावईबापूंचे केस आप्पांनी स्वतः काढले. संच इतर गुरांवरही वापरून पाहायचा होता, म्हणून वाटेत भेटेल त्या वळूचे नमुने तिने घेतले. वरच्या वस्तीवरच्या सुताराकडे मुका होता, त्याचेही घेतले. मुका आधी आप्पांचाच. कधी हंबरत नसे म्हणून मुका. दोनेक वर्षांपूर्वी आप्पांनी तो सुताराला देऊन टाकला होता.

शेवटी ती आत्याकडे गेली. आत्या आप्पांची धाकटी बहीण, खालच्या वळणावर राहायची. तिची कालवड पहिल्यांदाच व्याली होती आणि वासरू उठून उभं राहत नव्हतं. गवतावर आडवं पडलेलं, मान धरता येत नव्हती. आत्या बाटलीने दूध पाजत होती आणि त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होती. केस काढावेत की नाही, थोरलीला कळेना. आत्याच म्हणाली, घे, त्याचा कुठेतरी उपयोग तरी होईल. कालवड जावईबापूंची लेक म्हणून यादीत होती, तिचेही केस थोरलीने घेतले. आठवड्याभरात ते वासरू गेलं.

थोरली पाकिटं घेऊन संस्थेत परतली.

प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर तिचा सहकारी बसायचा. दोघं एकाच वर्षी लागलेले, शिक्षणही सारखंच. तो सकाळी आल्यापासून संध्याकाळपर्यंत अखंड बोले: काल काय जेवलो, बसमध्ये कोण भेटलं, मुलाने शाळेत काय पराक्रम केला. म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. थोरलीला त्याची कधी कटकट होई, कधी करमणूक. काम तो बरं करी, पण एकदा त्याच्या हातून दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, आणि ती गोष्ट विभागात कुणी विसरलं नव्हतं.

केसांतून नमुने काढायचं काम रेडिओने केलं. आकडे आले तेव्हा थोरली पाहतच राहिली. वासरं आपापल्या आयांशी चोख जुळत होती. जावईबापूंशी मात्र एकही जुळत नव्हतं. वासराकडे आईचा नसलेला जो आकडा असे, तो वळूकडे नसेच. एखाद्या मार्करवर चुकलं असतं तर समजण्यासारखं होतं. इथे जवळजवळ प्रत्येक मार्करवर तेच.

वळूची नळी बदलली गेली, हे तिच्या मनाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. दुसरं काही असू शकतं, अशी शंकासुद्धा तिच्या मनाला शिवली नाही.

आठवड्याच्या बैठकीत प्रमुखांनी विचारलं, काम कुठवर आलं? थोरलीने आकडे पडद्यावर लावले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझे मार्कर ठीक आहेत. वळूचा नमुना चुकीचा आहे. नळ्या कुणी भरल्या ते सगळ्यांना माहीत आहे, आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही."

रेडिओने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो म्हणाला, असेल, मी पुन्हा करून पाहतो.

त्याने उरलेल्या केसांतून पुन्हा नमुना काढला. आकडे तेच आले. थोरली म्हणाली, मग पाकिटंच बदलली असणार. त्यानेही ते मान्य केलं. इतकंच नव्हे, तर पाकिटं लावताना आपल्याला मुलाच्या शाळेतून फोन आला होता, तेव्हाच घोळ झाला असावा, असं त्याने स्वतःहून प्रमुखांना सांगितलं. प्रमुखांनी त्याला नमुन्यांच्या कामावरून काढून कोठारात बसवलं. बाटल्या मोजायच्या, रसायनं मागवायची. दहा वर्षं यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस खोक्यांमध्ये जाऊन बसला. त्याचं बोलणं बंद झालं. विभाग एकदम इतका शांत झाला, की यंत्राच्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

थोरलीला थोडं वाईट वाटलं, पण फार नाही. काम म्हणजे काम, असं तिने स्वतःला बजावलं. मग रजा काढून ती घरी गेली, जावईबापूंचे केस स्वतःच्या हाताने काढून आणले आणि जोडीला वळूच्या जुन्या लेकींचेही आणले, ज्या आता म्हाताऱ्या गायी झाल्या होत्या. सगळं काम तिने स्वतः केलं. कुणाला हात लावू दिला नाही.

म्हाताऱ्या गायी जावईबापूंशी चोख जुळल्या. वासरं जुळली नाहीत.

म्हणजे पहिल्यापासून नमुना बरोबर होता. नळी बरोबर, पाकीट बरोबर, मार्कर बरोबर. थोरलीने वासरांचे आकडे तिच्याकडच्या एकेका वळूशी लावून पाहायला सुरुवात केली, आणि मुक्यापाशी येऊन ती थांबली. सगळीच्या सगळी वासरं मुक्याची होती. आत्याची कालवडसुद्धा.

तिला आठवलं, काही वर्षांपूर्वी खोऱ्यात लाळ-खुरकताची साथ आली होती आणि जावईबापू तापाने महिनाभर आडवे होते. वासरं त्या सालानंतरची होती. गायी मागच्या कुंपणात जात. मालक अंगणात चहा पीत बसे.

आप्पांनी काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. पण डोळ्यांपुढे आधी उभा राहिला तो तोंड उघडून मिटणारा रेडिओ. आपल्या बापाचा शब्द खरा ठरावा म्हणून आपण त्याचा भर बैठकीत पाणउतारा केला, आणि त्या बिचाऱ्याने न केलेली चूक आठवून आठवून कबूल केली.

इथे तिने उठून सरळ कोठारात जायला हवं होतं. ती गेली नाही. तिने संगणक बंद केला आणि घरी जाऊन डोकं दुखतंय म्हणून झोपली. दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी विचारलं, तर तपासणी चालू आहे असं सांगून वेळ मारून नेली. ही वासरं यादीतून गाळून टाकावीत आणि सरकारी फार्मवरची कुटुंबं घ्यावीत, असंही तिच्या मनात येऊन गेलं. कुणाला कळणार होतं? आप्पांची अब्रू राहील, मार्करही खरे उतरतील. फक्त रेडिओ कोठारात राहील. कोठारावरून जावं लागू नये म्हणून ती मागच्या जिन्याने ये-जा करू लागली, आणि जिन्यात कुणी भेटलं की उगाच फोन कानाला लावू लागली.

शेवटी रेडिओच तिच्याकडे आला. उभ्याउभ्याच बोलला. एका औषधविक्रीच्या कंपनीत जागा आहे, असं तो म्हणाला. मग जरा चाचरत विचारलं, "तू माझं काम इतकी वर्षं बघते आहेस. खरं सांग, मी हे काम सोडावं का?"

थोरलीने टेबलाकडे बघत म्हटलं, घाई करू नकोस. एवढंच. तो बरं म्हणून गेला. त्याच्या पाठीमागे तिला स्वतःची अशी शिसारी आली, की धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

त्या दिवशी तिने उरलेला नमुनाही उघडला, तो आत्याच्या मेलेल्या वासराचा. आकडे तिने दोनदा तपासले. मार्करमागून मार्कर दोन्हीकडे तोच आकडा. फार जवळच्या नात्यातच असं होतं, आणि इथे आजा आणि बाप एकच होता. आत्या सावध बाई. कालवड जावईबापूंची लेक, तिला बापाकडे न्यायची नाही, म्हणून ती मुद्दाम चढ चढून सुताराकडे गेली होती, मुक्याकडे. नात्यातली पैदास टाळायला म्हणून ती कालवडीला तिच्या खऱ्या बापाकडेच घेऊन गेली होती.

थोरलीने दुपारची गाडी पकडली.

आप्पा गोठ्यात जावईबापूंचं अंग घासत होते. तिला अवेळी आलेली पाहून त्यांनी आनंदाने हाक मारली, पण तिचा चेहरा पाहून हात थांबवला. थोरलीने फिरवून फिरवून काही विचारलं नाही. वासरं मुक्याची आहेत ना, एवढंच म्हणाली.

आप्पांनी नाही म्हणून पाहिलं. मग, तुझ्या यंत्राला काय कळतं, असंही म्हणून पाहिलं. तिने पिशवीतून आकड्यांचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. मग ते खाली गव्हाणीच्या कडेवर बसले आणि हळूहळू बोलू लागले. तापानंतर जावईबापू गायीवर चढत, पण गायी गाभण राहीनात. पहिला माणूस परत आला तेव्हा त्यांनी गायीलाच दोष दिला. दुसरा आला तेव्हा मुक्याला पुढे केलं. तेवढ्यापुरतं, असं स्वतःला सांगितलं. मुकाही डोंगरीच होता, अंगाने दांडगा होता, कुणाचं काही बिघडत नव्हतं. पुढे लोक येतच राहिले आणि खरं सांगायला जीभ रेटेना. मन खाऊ लागलं तेव्हा मुक्याला देऊन टाकलं, आणि नंतर आलेल्यांना वळू आता थकला म्हणून परत पाठवलं. तेवढं खरं बोलले.

"आत्याला का नाही सांगितलंत?" थोरलीने विचारलं. "ती कालवड घेऊन वर चालली होती, तुमच्या दारावरून."

जावईबापूंनी आप्पांच्या खांद्याला नाक लावलं, ते त्यांनी हाताने बाजूला केलं.

"पाहिलं मी तिला," ते म्हणाले. "कुठे चाललीस ते विचारलं. तिने सांगितलं. मी म्हणालो, चहा घेऊन जा."

रागवायचं ठरवून थोरली आली होती, पण समोर तिचा बाप गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तुझ्या कागदात माझं नाव येणार का? ती म्हणाली, नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. त्यांना इतकं हायसं वाटलेलं दिसलं, की तिला त्यांचीही लाज वाटली आणि आपण ते सांगितलं याचीही.

"मी एका माणसावर खोटा आळ घेतलाय आप्पा," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर विसंबून. त्याचं मी निस्तरेन. आत्याचं तुम्हालाच निस्तरावं लागेल. उद्या मी बैठकीत बोलून संध्याकाळी परत येते. तोवर तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, त्याच पडद्यापुढे ती उभी राहिली. रेडिओला तिने कोठारातून बोलावून घेतलं होतं. नमुना पहिल्या दिवसापासून बरोबर होता, तिने सांगितलं, आणि मी न तपासता याच्यावर ढकललं, कारण तो वळू माझ्या वडिलांचा होता. आणि हे मला कळून कित्येक दिवस झाले, तरी मी गप्प होते. हे शेवटचं वाक्य तिने मनात आधी तयार केलं नव्हतं. प्रमुखांनी चष्मा काढून पुसला आणि रेडिओला त्याच दिवसापासून त्याच्या जागेवर बसायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात तिने त्याची पुन्हा माफी मागितली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हसल्यासारखं करून म्हणाला, "बायकोने विचारलं होतं, नक्की तुझ्याच हातून झालं का. मी शपथेवर सांगितलं, नक्की माझ्याच हातून. आता घरी जाऊन काय सांगू, ते मला कळत नाही."

थोरली म्हणाली, मी येऊन सांगते. तो म्हणाला, नको. थोड्याच दिवसांत त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या विभागात बदली मागून घेतली. कंपनीत मात्र गेला नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आप्पा कपडे बदलून ओसरीवर बसले होते. दोघं खालच्या वळणावर गेली. आत्या भांडी विसळत होती. आप्पांनी दारातच, चप्पल न काढता, सगळं सांगितलं. भिंतीकडे बघत सांगितलं, पण काही गाळलं नाही, चहाचं आमंत्रणसुद्धा नाही.

आत्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. सून म्हणायची, आत्याने सांगितलं, गाभण गायीला तुम्ही थंडीत बाहेर बांधलंत म्हणून असं झालं. आणि मला ते पटलं होतं. त्यानंतर रोज मी तिला दोनदोन पोती पांघरते आहे.

"दादा, मी तुझ्याकडे चहा प्यायले होते त्या दिवशी," ती म्हणाली. "दोन कप."

मग आत्या थोरलीकडे वळली आणि अगदी कामाच्या आवाजात म्हणाली, गाय पुन्हा माजावर आली आहे, आता तिला कोणाकडे न्यायची? तुझ्या त्या आकड्यांवरून काही सांगता येतं का? थोरली म्हणाली, येतं. खोऱ्याच्या पार टोकाला गिरणीवाल्याचा वळू होता. त्याचे आकडे या गायीपासून सगळ्यात लांबचे होते. त्याच्या वासरांना काही धोका नव्हता.

"मग दादा नेईल तिला," आत्या म्हणाली. "चालत. मधल्या रस्त्याने."

मधला रस्ता म्हणजे सगळ्या वस्त्यांमधून जाणारा. आप्पांना ते कळलं. त्यांनी हो म्हटलं.

सकाळी आप्पा गायीचं दावं धरून निघाले. थोरली मागे काठी घेऊन चालत होती. गाय निवांत होती, वाटेतलं गवत ओरबाडत चालली होती. पहिल्याच वस्तीवर लोहार दुकानाबाहेर बसला होता. त्याच्या गोठ्यात जावईबापूंची म्हणून तीन वासरं होती. त्याने आप्पांकडे पाहिलं, गायीकडे पाहिलं आणि हसून विचारलं, जावईबापू थकले, मग ही पाहुणी आता कुणीकडे?

आप्पा थांबले. गाय दोन पावलं पुढे गेली, दावं ताणलं गेलं. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, जरा आत येतो, तुझ्याशी बोलायचंय. मग मागे वळून थोरलीच्या हातात दावं दिलं. आत काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. ऐकू येऊ नये म्हणून ती गायीला घेऊन रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली होती. आप्पा बाहेर आले तेव्हा लोहार त्यांच्या मागून आला नाही. त्यांनी तिच्या हातून दावं परत घेतलं, कपाळावरचा घाम बाहीने पुसला, आणि पुढच्या वस्तीचा चढ चढू लागले.